रेटिनॉल सावकाश लावा: सांगलीतल्या मेडिकलच्या काउंटरवरून

रेटिनॉलची ट्यूब मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, "सकाळी सनस्क्रीन लावता का?" उत्तर "कधीकधी" असं आलं, तर त्या दिवशी मी फक्त सनस्क्रीन देते. "ही सवय महिनाभर टिकवा, मग या, रेटिनॉल देते," असं सांगते. काहीजणी रुसून दुसऱ्या दुकानात जातात, ते मला चालतं. दिवसा उन्हापासून चेहरा जपायची तयारी नसेल तर रात्री रेटिनॉल लावण्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त, हे मी शिक्षणाने फार्मासिस्ट आहे म्हणून सांगते आणि विश्रामबागच्या दुकानात रोज चेहरे बघते म्हणूनही.

रेटिनॉल हा अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनोइक ॲसिड. खरं काम हे शेवटचं रूप करतं. पेशी बदलण्याचा वेग वाढतो, छिद्रं तुंबायची कमी होतात, त्वचेला घट्ट ठेवणारं आतलं कोलॅजन सुधारतं. रेटिनोइक ॲसिड थेट ट्यूबमध्ये भरलं की ते ट्रेटिनॉइन. ते औषध आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये ते मुरमांसाठी मंजूर झालं आणि ते लावणाऱ्यांच्या सुरकुत्याही कमी होतात हे नंतर लक्षात आलं. रेटिनॉल हा त्याचा सौम्य भाऊबंद. त्वचेतच त्याचं दोन टप्प्यांत रूपांतर व्हावं लागतं, म्हणून ते हळू चालतं आणि कमी बोचतं. कमी बोचतं म्हणजे बोचत नाही असं मात्र समजू नका.

आपल्याकडे हे लावताना एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेची आग झाली की लाली ओसरल्यावरही तिथे तपकिरी-काळा डाग राहतो. मुरूम फोडल्यावर राहतो ना, तसाच. गोऱ्या कातडीच्या बायका व्हिडिओत सोललेले, लालबुंद गाल दाखवतात आणि आठवड्याभरात त्या बऱ्याही होतात. आपला डाग महिनोन्‌महिने हटत नाही. डाग घालवायला आणलेल्या क्रीमनेच डाग पडायचा, असं होतं ते. म्हणून "थोडं जळतंय म्हणजे गुण येतोय" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. आग झाली तर मात्रा चुकली, एवढाच त्याचा अर्थ. तासगावकडचे बागायतदार दुकानात येतात, त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगते: फवारणीचा डोस दुप्पट केला म्हणून द्राक्षं लवकर पिकत नाहीत, पानं मात्र करपतात. त्यांना हे लगेच पटतं.

विकत घेताना खोक्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला 'ग्लो', 'अँटी-एजिंग' असलं काहीही छापलेलं असतं. मागे घटकांच्या यादीत रेटिनॉल लिहिलंय का आणि टक्केवारी दिली आहे का ते बघा. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. दुकानात १ टक्क्याचीही मिळते, पण "जास्त टक्के, जास्त गुण" हा हिशोब इथे लागू नाही. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनात रेटिनॉलची कमाल मर्यादा ०.३ टक्के ठेवली, अंगाला लावायच्या लोशनमध्ये तर ०.०५ टक्के. अ जीवनसत्त्व शरीरात अनेक वाटांनी जातं, त्याची बेरीज फार होऊ नये हा त्यामागचा विचार. मला तो आकडा आपल्यासाठीही शहाणपणाचा वाटतो.

यादीत रेटिनिल पामिटेट असेल तर ते आणखी सौम्य. फार कोरड्या, नाजूक त्वचेच्या बाईला मी कधीकधी तेच सुचवते. रेटिनाल, म्हणजे वर सांगितलेलं रेटिनाल्डिहाइड, दिसलं तर ते रेटिनॉलपेक्षा एक पायरी पुढचं, जास्त जोरदार. दोन्ही नावांत एकाच अक्षराचा फरक आहे, तेव्हा नीट वाचा. ॲडॅपॅलीन आणि ट्रेटिनॉइन ही औषधं, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची.

रेटिनॉल उजेडात आणि हवेत खराब होतं. काचेच्या पारदर्शक बाटलीपेक्षा ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा दाबून काढायचा बंद पंप घ्या. खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरायची. ट्यूबवर मार्करने उघडल्याची तारीख लिहून टाका. आणि ती बाथरूमच्या खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा.

ती बिनखोक्याची ट्यूब

हा भाग मला सगळ्यात कळकळीने सांगायचा आहे. रेटिनॉल मागायला येणाऱ्या अनेक बायका आधीपासून एक 'गोरं व्हायची क्रीम' लावत असतात आणि त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. परवा एक काकू आल्या. "ताई, जावेनं दिलीया, तिला लई गुण आला. पण बंद केली की तोंड लाल हुतंय बघा." ट्यूब बघितली तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तीन औषधांचं मिश्रण. हे वांगासाठीचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या तपकिरी चट्ट्यांसाठीचं, खरं औषध आहे, पण त्वचेचे डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो, मुरूम बसतात, बाई खूश होते. वर्षभर लावली की कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते आणि क्रीम सोडली की सगळं उसळून वर येतं. मग बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट काढून घेतली. तरी जावेकडून, पार्लरमधून, शेजारणीकडून ती फिरतच असते.

तेव्हा ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन या स्टिरॉइडांपैकी एकाचंही नाव असेल, तर रेटिनॉलचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधीच पातळ झालेल्या कातडीवर ते लावणं म्हणजे आगीला निमंत्रण. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ती क्रीम कशी सोडायची हे ते ठरवतील. त्या काकूंना मी काहीही विकलं नाही, एक साधं मॉइश्चरायझर तेवढं दिलं आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

खोकं नाही, नाव नाही, नुसती पांढरी डबी असेल तर ती लावूच नका.

पहिली रात्र

आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन रात्री थोडं लावून बघा. खाज, सूज, पुरळ नसेल तर चेहऱ्याकडे वळा.

जेवणं आवरली, ओटा पुसून झाला, आता झोपायचंच आहे, अशी वेळ निवडा. लावल्यावर पुन्हा गॅसच्या धगीसमोर उभं राहायला नको. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा. अंगाचा साबण नको, स्क्रब तर अजिबात नको. जतकडच्या बायका सांगतात की बोअरच्या जड पाण्याने तोंड ताणल्यासारखं होतं. अशांनी फेसवॉश अगदी थोडा घ्यावा आणि दिवसातून दोनदापेक्षा जास्त लावू नये. टॉवेल घासू नका, टिपून घ्या. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा. चेहरा पूर्ण वाळू द्या, ओलसर त्वचेवर चुरचुर जास्त होते.

डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या घडीत आणि ओठांच्या कोपऱ्यांवर थोडी पेट्रोलियम जेली लावा. या तीन जागा सगळ्यात आधी सोलतात. मग चेहऱ्यावर मॉइश्चरायझरचा पातळ थर. ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं, बिनवासाचं घ्या, महागाचं असायची गरज नाही. तो जिरला की रेटिनॉल. वाटाण्याच्या एका दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी अशा ठिकाणी टिपके ठेवून हलक्या हाताने पसरवा. वांग आहे म्हणून गालावर दुप्पट थापू नका. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. दोन थरांच्या मध्ये रेटिनॉल ठेवल्याने जोर थोडा कमी होतो आणि आपल्याला सुरुवातीला हवा तो हाच. शेवटी हात धुवा, नाहीतर झोपेत डोळा चोळला जातो.

मान नाजूक असते. पहिले दोन महिने तिला सोडून द्या. पुढे लावलीत तरी हाताला जे उरलंय तेवढंच.

आठवड्यातून किती रात्री

पहिला महिना दोनच रात्री. सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून टाका, म्हणजे "काल लावलं होतं का" हा घोळ होत नाही. बाकीच्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. महिनाभर काही कुरकुर झाली नाही तर तीन रात्री. आणखी महिन्याने एक दिवसाआड. बहुतेकींना इथेच थांबता येतं. मी स्वतः एक दिवसाआडच लावते, चाळिशी उलटून गेलीय, आणि रोज लावायची गरज मला कधी वाटली नाही. द्राक्षांच्या हंगामात दिवसभर शेडमध्ये उभं राहावं लागतं, घरात लग्न आहे, ताप येऊन गेलाय, अशा वेळी खुशाल आठवडाभर बंद ठेवा. पुन्हा सुरू करताना दोन रात्रींपासून. मधे खंड पडला म्हणून आधीचं वाया जात नाही.

थोडा कोरडेपणा, नाकाशेजारी बारीक पापुद्रे, पहिले काही आठवडे एवढं होऊ शकतं. पापुद्रे नखाने ओढू नका. पाणी लावल्यावरही चुरचुरत असेल, गाल घट्ट आणि चकचकीत दिसत असतील, तर ताबडतोब थांबा. त्वचा शांत होईपर्यंत फक्त मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. मग आठवड्यातून एकाच रात्रीपासून सुरुवात.

मुरूम वाढल्यासारखे वाटले तर ते कुठे आलेत ते बघा. नेहमीच्याच जागी, बारीक, आणि चार-सहा आठवड्यांत ओसरणारे असतील तर आत दबलेले वर येताहेत, धीर धरा. पण कधीच मुरूम न येणाऱ्या जागी खाजरं पुरळ, सूज किंवा पापण्या जड होणं, ही ॲलर्जीची किंवा जळजळीची खूण. तिथे धीर धरायचा नसतो, बंद करायचं असतं.

फरक दिसायला बारा आठवडे तरी लागतात, बारीक रेषांना सहा महिने. आरशात रोज बघून काही कळत नाही. पहिल्या दिवशी खिडकीजवळ सकाळच्या उजेडात फोटो काढा, महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. खोल सुरकुत्या आणि जुने खड्डे रेटिनॉलने जात नाहीत. वांग एकट्या रेटिनॉलने जात नाही. रंग गोरा होत नाही, आणि त्यासाठी कुणी मागितलं तर मी देत नाही.

सोबत काय नको

रेटिनॉलच्या रात्री ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक अशी कुठलीही ॲसिडं नकोत. मुरमांची बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल चालू असेल तर ती सकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. व्हिटॅमिन सी लावायचंच असेल तर सकाळी, आणि तेही रेटिनॉल अंगवळणी पडल्यावर. नायसिनामाइडशी याचं छान जमतं. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला कधीच नको, रेटिनॉल असो वा नसो.

बाकुचिओल हे बावचीच्या बियांतून काढलेलं शुद्ध द्रव्य हल्ली 'वनस्पतीतलं रेटिनॉल' म्हणून विकलं जातं. ते रेटिनॉल नव्हे, पण सौम्य आहे आणि काहींना मानवतं. ते आणि बावचीचं कच्चं तेल एक समजू नका. त्या तेलात सोरालेन असतं आणि ते लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे फोड येतात. आयुर्वेदिक दुकानातून तेल आणून चेहऱ्याला लावायचा प्रयोग करू नका.

पार्लर आणि लग्नसराई

लग्नसराईत सगळ्यात जास्त चेहरे बिघडतात ते इथे. रेटिनॉलमुळे वरचा थर नाजूक झालेला असतो. त्यावर वॅक्सची पट्टी ओढली की केसांसोबत कातडीही निघते, वरच्या ओठावर तर हमखास. वॅक्सच्या आधी निदान एक आठवडा बंद ठेवा, नंतरही त्वचा निवेपर्यंत थांबा. चिठ्ठीवरचं ट्रेटिनॉइन चालू असेल तर चेहऱ्याला वॅक्स नकोच. थ्रेडिंगला दोन-चार दिवस आधी थांबलं तरी पुरतं, पण पार्लरवाल्या ताईंना खुर्चीत बसतानाच सांगा की रेटिनॉल चालू आहे. ब्लीच, पील, स्क्रबचं फेशियल यांनाही वॅक्सचाच नियम. पुरुषांनी दाढी सकाळी करावी आणि रेटिनॉल रात्री, मध्ये तेवढा वेळ जाऊ द्यावा.

नवरी मुलगी महिन्यावर लग्न आलं असताना पहिल्यांदा रेटिनॉल मागते, तेव्हा मी नाही म्हणते. पहिला महिना पापुद्र्यांचा असतो, आणि त्या पापुद्र्यांवर मेकअप बसत नाही. चार-पाच महिने हातात असतील तरच सुरू करावं. आधीपासून वापरणारीने हळदीच्या आठवडाभर आधी थांबवावं. आमच्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, घराघरात ती मायेने लावली जाते आणि लावावी. पण करवल्या जोरात चोळतात, त्यात डाळीचं पीठ असतं, कुणी लिंबू पिळतं. नाजूक झालेल्या गालावर ते घासलं की लग्नाच्या दिवशी लाल चट्टे. करवल्यांना आधीच सांगून ठेवा, चेहऱ्याला नुसतं बोट लावा.

दिवसाचं ऊन

एसपीएफ ३० किंवा ५०, त्यावर पीएच्या पुढे किमान तीन अधिक चिन्हं, असं सनस्क्रीन घ्या. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेकजणी याच्या पाव भाग लावतात. उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असणारींनी रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं निवडावं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं.

सांगली-मिरज रस्त्यावर गाडीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात. चांगली सवय आहे, पण स्कार्फ सुती, सैल आणि रोज धुतलेला हवा. घामाने भिजलेला नायलॉनचा स्कार्फ रेटिनॉलने हुळहुळलेल्या गालावर दिवसभर घासला की तिथेच काळं पडतं. आणि आत सनस्क्रीन हवंच.

बागेत राबणाऱ्या बायकांना मी वेगळं सांगते. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्ष उतरेपर्यंत दिवस बाहेरच जातो, घामात सनस्क्रीन टिकत नाही, पुन्हा लावायला सवड नसते. त्यांनी त्या महिन्यांत रेटिनॉल न लावलेलं बरं. मोठ्या काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, सकाळी सनस्क्रीन, रात्री धुतलेल्या चेहऱ्यावर मॉइश्चरायझर. वांगासाठी एवढ्यानेसुद्धा फरक पडतो. काम हलकं होईल तेव्हा, पावसाळ्यात, रेटिनॉल सुरू करता येतं. तेव्हाही सनस्क्रीन चुकवायचं नाही, ढगांतून किरणं येतातच.

कुणी लावू नये

दिवस गेलेल्या बाईने नाही. बाळासाठी प्रयत्न चालू असतील तरीही नाही. याच घराण्यातलं आयसोट्रेटिनॉइन मुरमांसाठी गोळीच्या रूपात देतात आणि त्याने गर्भात गंभीर व्यंग येतं हे पक्कं ठाऊक आहे. त्वचेवर लावलेलं रेटिनॉल शरीरात फार कमी शिरतं, तरी एका क्रीमसाठी एवढीही जोखीम का घ्यायची? नकळत आधी लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका, बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. काउंटरवर चार माणसं असतात, म्हणून मी हा प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारते. नव्या सुनांना तो मोठ्याने आवडत नाही.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, चेहऱ्यावर इसब असेल, ऊन लागून चेहरा भाजला असेल, जखम असेल, तर नको. अकरावी-बारावीच्या मुलींनाही नको. त्यांना सुरकुत्या नसतात, मुरूम असतात, आणि त्यावर चांगली औषधं डॉक्टर देतात.

आठवडाभर थांबूनही आग जात नसेल, पाणी सुटत असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा डाग वाढत चालले असतील, तर दुकानात येऊन दुसरी ट्यूब मागू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येतं. जाताना चेहऱ्याला जे जे लावलंत ते सगळं पिशवीत घालून न्या: रेटिनॉल, फेसवॉश, जावेने दिलेली क्रीम, पार्लरमधून आणलेली डबी. फेकून दिलं असेल तर खोक्याचा मोबाइलवरचा फोटोही चालतो. फक्त मागच्या बाजूचा, घटकांची यादी वाचता येईल असा.